फीत कापल्यानंतरचा पावसाळा

गोव्यातल्या पर्वरीत राहणाऱ्या माणसाला घरपट्टी कुठे भरता असं विचारलं, तर कोणी सुकूर पंचायत सांगेल, कोणी पेन्ह द फ्रान्स, कोणी साल्वादोर दु मुंद. विधानसभा इथे, सचिवालय इथे, उच्च न्यायालयाची नवी इमारत इथे, आणि कारभार ग्रामपंचायतींचा. ताळगाव, मेरशी, चिखली, सांकवाळ यांची गत वेगळी नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी ठरली; पण राज्यात नगरपालिका १३, महानगरपालिका एकटी पणजीची, आणि बाकी सगळा कारभार १९१ ग्रामपंचायतींकडे. म्हणजे पुष्कळ शहरी माणसं अशा ठिकाणी राहतात, जिथे बागेची निकड शहरासारखी आहे आणि बाग सांभाळायला पंचायतीकडे ना उद्यान विभाग, ना स्वतःचा अभियंता, ना पगारी माळी.

अशा ठिकाणी बाग होते ती बहुधा एकाच वाटेने. वरून एकरकमी निधी मंजूर होतो, निविदा निघते, ठेकेदार वर्षभरात कुंपण, पेव्हर, हिरवळ, दोन घसरगुंड्या, ओपन जिम आणि रंगीत दिवे उभे करतो, फीत कापली जाते. मग पावसाळा येतो. दोन पावसाळ्यांत पेव्हर खचतात, झोपाळ्याचा खांब बुडाशी गंजतो, हिरवळीत लाजाळू आणि घाणेरी शिरते. चार-पाच वर्षांनी त्याच बागेच्या नूतनीकरणाचा प्रस्ताव येतो, आणि त्यात पुन्हा तेच पेव्हर, तीच हिरवळ, तेच दिवे. आमचं म्हणणं असं की गोव्यातली उपनगरी बाग टिकते की नाही हे पाऊस आणि देखभाल ठरवतात. म्हणून पैसा आधी निचऱ्यावर, मातीवर, सावलीवर आणि सांभाळणाऱ्या माणसावर जावा, फोटोत दिसणाऱ्या वस्तूंवर सगळ्यांत शेवटी. ज्या पंचायतीकडे देखभालीची सोय नाही, तिने नवी बाग बांधूच नये.

आधी जागेचं बोलू. भूखंड पाडताना नगरनियोजनाच्या नियमांप्रमाणे काही जागा खुली सोडावी लागते. कागदावर ती बागेची असते. प्रत्यक्षात ती उताराची, व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या काठची, नाहीतर उच्चदाबाच्या वीजतारांखालची. विकून चार पैसे येणार नाहीत असा कोपरा. तोही पंचायतीच्या नावावर आहे का, हे पहिलं पाहावं. जमिनीच्या नोंदीच्या फॉर्म १ आणि १४ वर नाव चढलंय का, दानपत्राची नोंदणी झालीय का, सर्व्हे नकाशातली हद्द आणि जागेवरचा गडगा जुळतो का, हे न पाहता निविदा काढली की कुंपणाचं काम सुरू झाल्यावर शेजारी हरकत घेतो आणि काम दोन-दोन वर्षं लटकतं. दुसरा धोका आतूनच असतो. मोकळी जागा दिसली की पंचायत मंडळालाच तिथे सभागृह सुचतं, कोणाला पार्किंग सुचतं. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंगळूरच्या एका प्रकरणात उद्यानासाठी राखलेली जागा खासगी नर्सिंग होमला देण्याचा निर्णय रद्दबातल ठरवला, आणि त्या वस्तीतल्या रहिवाशांना त्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क आहे हेही मान्य केलं. हा निकाल ग्रामसभेत खिशात असलेला बरा.

किती बाग हवी? केंद्राच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर खुली जागा धरली आहे. ५,००० वस्तीमागे अर्ध्या हेक्टरची एक बाग, १५,००० वस्तीमागे एक हेक्टरची. पर्वरीत किंवा ताळगावात सलग हेक्टरभर सपाट जागा आता कोण देणार? हाती लागतात ते एकेक एकराचे, म्हणजे साधारण ४,००० चौरस मीटरचे तुकडे, आणि त्याहून लहान. ते वाईट नाहीत, पण प्रत्येक तुकड्यात सगळं बसवायचा हट्ट वाईट. एकराच्या बागेत घसरगुंडी, जिम, कारंजं, अँफिथिएटर, जॉगिंग ट्रॅक आणि सेल्फी पॉइंट कोंबले की झाडाला जागा उरत नाही. पायी दहा मिनिटांच्या टप्प्यात तीन बागा असतील, तर एकीत मुलांची खेळणी असावीत, दुसरीत चेंडू खेळायला उघडं मैदान, आणि तिसरीत नुसती झाडं आणि बाकं. तिसरीला निधी मिळवणं सगळ्यांत अवघड, कारण तिच्यात उद्घाटन करण्याजोगं काही दिसत नाही.

आता पाणी. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. एकरभर जागेवर हे १ कोटी २० लाख लिटर पाणी झालं. निचरा आखताना जोराच्या सरीत तासाला १०० मिलिमीटर धरावेत. तेवढा पाऊस पडला तर एकरावर तासात ४ लाख लिटर उतरतात. निम्मं जमिनीत जिरलं तरी सेकंदाला ५५ लिटर बाहेर काढावे लागतात. त्याला ३० बाय ३० सेंटिमीटरचं, १०० मीटरला १ मीटर उतार असलेलं सिमेंटचं गटार पुरतं. पानांनी अर्धं भरलं तरी जेमतेम निभावतं. म्हणजे गणित अवघड नाही. बिघडतं ते दुसरीकडेच. एक तर बाग वसाहतीच्या खालच्या अंगाला असते आणि वरच्या रस्त्याचं पाणी हिशेबात धरलेलंच नसतं. त्यासाठी वरच्या कुंपणाला लागून वेगळा चर हवा, जो बाहेरचं पाणी बागेत शिरण्याआधीच वळवेल. दुसरं, बागेचं गटार नकाशात हद्दीपाशी येऊन संपतं. पुढे ते कोणत्या व्हाळाला, कोणत्या रस्त्याच्या गटाराला मिळतं, ते गटार किती खोल आहे, हे आराखड्यात लिहिलेलं नसतं, कारण हद्दीपलीकडचं काम निविदेत बसत नाही. मग पहिल्या मोठ्या पावसात पाणी मागे फिरतं आणि मुलांच्या खेळाच्या कोपऱ्यात साचतं, कारण तो कोपरा बहुधा सगळ्यांत सखल आणि सपाट म्हणूनच निवडलेला असतो.

म्हणून आराखड्याआधी पातळी मोजणी हवी: दर ५ मीटरवर एक बिंदू, २५ सेंटिमीटरच्या समपातळी रेषा. एकराला सर्व्हेयरचं एका दिवसाचं काम. एवढ्या स्वस्त गोष्टीला फाटा देऊन लाखोंचे पेव्हर का घातले जातात, हे कोडं आहे.

ऑक्टोबर सरला की प्रश्न उलटा होतो. हिरवळीला उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज साधारण ५ लिटर पाणी लागतं. एकरातल्या ३,००० चौरस मीटरवर हिरवळ अंथरली तर रोज १५,००० लिटर, आणि कोरड्या हंगामाचे २०० दिवस धरले तर ३० लाख लिटर. १०,००० लिटरचे ३०० टँकर. ज्या पर्वरीत एप्रिल-मेमध्ये घरच्या नळाला पाणी येईल की नाही याची धास्ती असते, तिथे हे पाणी मागायलाच नको. पावसाचं पाणी साठवू म्हणणाऱ्यांनी टाकीचा हिशेब करावा. ३० लाख लिटर म्हणजे ३,००० घनमीटर. ३ मीटर खोल धरली तरी टाकीला १,००० चौरस मीटर जागा लागेल, पाव बाग टाकीखाली गेली. तेव्हा मागणीच कापायची. हिरवळ ५०० चौरस मीटरच ठेवायची, जिथे पोरं खरोखर लोळतात तिथे. बाकी जमीन झाडांखाली, पालापाचोळ्याच्या आच्छादनाखाली. पाण्याची गरज ५ लाख लिटरवर येते, आणि ती विहिरीतून किंवा प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यातून भागवता येते. मोठ्या गृहसंकुलांची स्वतःची प्रक्रिया केंद्रं असतात. त्यांचं पाणी झाडांच्या मुळाशी ठिबकने द्यावं, फवाऱ्याने नको आणि मुलांच्या हिरवळीवर तर नकोच. ठिबकच्या आधी गाळणी लावली नाही तर दोन महिन्यांत ड्रिपर बुजतात, मग कोणीतरी सुरीने नळी फाडून ठेवतो आणि सगळं पाणी एकाच झाडाला जातं.

पर्वरी, दोनापावल, वेर्णा ही सगळी सड्याची जमीन. वर जांभ्या दगडाचं कठीण कवच, खाली मऊ चिकणमाती. निविदेत झाडासाठी १ मीटर लांब, रुंद, खोल खड्डा लिहिलेला असतो, आणि ठेकेदार ब्रेकरने तो इमानदारीने कोरतो. माती आणि शेणखत भरतो, रोप लावतो. जुलैत त्या खड्ड्याची दगडी डोणी होते: चारी बाजूंनी आणि तळाला कातळ, पाणी जायला वाट नाही. मुळं गुदमरतात, पानं पिवळी पडतात, आणि माळी समजतो की पाणी कमी पडलं. सड्यावर खड्डा घेतला की त्यात दोन बादल्या पाणी ओतून पाहावं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच असेल तर तळाला पहारीने आणखी खाली कवच फोडून मऊ थर गाठावा, नाहीतर खड्ड्यापासून उताराच्या दिशेने वीतभर रुंद चर काढून त्यात खडी भरावी. एकेका सुट्या खड्ड्यापेक्षा ओळीने सलग चर खणून त्यात चार-पाच झाडं लावणं केव्हाही चांगलं. मुळांना पसरायला जागा मिळते, पाण्याला वाट मिळते. भरणीत तीन भाग माती आणि एक भाग कुजलेलं खत पुरे. ताजं शेण घातलं की वाळवी आलीच.

झाडं कोणती? ज्या गोव्यात इथल्या औषधी वनस्पतींवरचं गार्सिया द ओर्ताचं पुस्तक १५६३ मध्ये छापलं गेलं आणि ज्या ओर्ताच्या नावाची बाग पणजीच्या चर्चसमोर उभी आहे, त्या गोव्यातल्या निविदांत फॉक्सटेल पाम आणि दुरांटाचं कुंपण यापलीकडे नाव सापडत नाही. पाम लावायला सोपा, पहिल्या दिवसापासून उंच, आणि सावली शून्य. सड्यावर आणि खाऱ्या वाऱ्यात तग धरणारी झाडं आपल्याकडे ढिगाने आहेत: बकुळ, करंज, जांभूळ, उंडी, सुरंगी, आपटा, आणि मोठ्या जागेत ऐन, जो राज्यवृक्ष असून रोपवाटिकेच्या यादीत क्वचित दिसतो. करंज लवकर वाढतो, बकुळ सावकाश. म्हणून दोन्ही आलटूनपालटून, ८ मीटर अंतरावर. गुलमोहर आणि सोनमोहर रंगाला छान, पण त्यांची लाकडं ठिसूळ आणि सड्यावर मुळं उथळ. जूनच्या पहिल्या वादळात फांदी मोडते. बाकांवर आणि खेळण्यांवर ती नकोत. माडाचंही तसंच. वाट माडाखालून जात असेल तर नारळ पडू देऊन चालत नाही, आणि वर्षातून चार-पाच वेळा नारळ उतरवणारा पाडेली बोलवायचा तर त्याची मजुरी देखभालीच्या अंदाजपत्रकात हवी. ती कधीच नसते.

असलेली झाडं राखणं हे नव्या लागवडीपेक्षा महत्त्वाचं, आणि नूतनीकरणात सर्वांत जास्त हानी इथेच होते. पर्वरीच्या उड्डाणपुलाच्या कामात २०२५ मध्ये खाप्रेश्वराचा वड हलवला तेव्हा केवढा गदारोळ झाला, रास्तच होता. पण बागेतला जुना आंबा किंवा काजू मरतो तो गुपचूप. जागा सपाट करायची म्हणून बुंध्याभोवती वीतभर भराव टाकतात, मग वरून पेव्हर आणि बसायला गोल कट्टा. मुळांना हवा मिळेनाशी होते. झाड लगेच मरत नाही. शेंड्याकडून वाळत जायला दोन-तीन वर्षं लागतात, तोवर ठेकेदाराची जबाबदारी संपलेली असते आणि दोष किडीला जातो. १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे झाड तोडायला परवानगी लागते. मुळांवर भराव टाकताना ती कोणाला मागावीशी वाटत नाही. साधा नियम असा: बुंध्याचा व्यास जितका, त्याच्या बारापट त्रिज्येत ना खोदकाम, ना भराव, ना रोलर. ४० सेंटिमीटरच्या बुंध्याला ४.८ मीटर. काम सुरू होण्याआधी तेवढं वर्तुळ बांबू आणि दोरीने बंद करावं, आणि ते निविदेत स्वतंत्र बाब म्हणून लिहावं, नाहीतर त्याचे पैसे मिळणार नाहीत म्हणून कोणी करणार नाही. कट्टा हवाच असेल तर तो झाडापासून दूर, नुसत्या चार पायांवर.

पेव्हरला आमचा सरसकट विरोध नाही. मुरमाची वाट गोव्याच्या पावसात उतारावर टिकत नाही, एका सरीत घळी पडतात. आणि घोटीव चिऱ्यावर शेवाळ चढलं की वडीलधाऱ्यांची हाडं मोडायची. पण पेव्हर घालायचा तर नीट. चालण्याच्या वाटेला ५० ते ६० मिलिमीटर जाडीचा ब्लॉक पुरतो; ८० चा घालून बिल फुगवायचं कारण नाही. खरं काम ब्लॉकच्या खाली आहे: दाबलेल्या खडीचा थर, त्यावर २५ ते ४० मिलिमीटर धुतलेली वाळू, आणि दोन्ही कडांना काँक्रीटमध्ये बसवलेले कर्ब. नदीची वाळू मिळेना म्हणून ठेकेदार क्रशरची भुकटी घालतात. तिच्यातल्या बारीक पिठात पाणी धरून राहतं, पावसात ते पीठ सांध्यांतून वर येतं आणि ब्लॉक डुगडुगू लागतात. कडेचा कर्ब नसेल तर वाळू बाजूने वाहून जाते आणि वाट मधोमध बसते. १.८ मीटर रुंदीच्या वाटेला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ३६ मिलिमीटर उतार द्यावा; स्पिरिट लेव्हल आणि टेप घेऊन कोणीही पंच दहा मिनिटांत तपासू शकतो. हा उतार असेल तर शेवाळ निम्म्याने कमी धरतं असा आमचा अंदाज. उरलेलं ताठ ब्रशने खरवडावं, ब्लीचिंग पावडर ओतू नये. ती शेवटी झाडांच्या मुळाशीच जाते.

मुलांच्या खेळण्यांकडे जरा जवळून पाहू, कारण इथे चूक झाली तर रक्त निघतं. झोपाळ्याचा खांब कुठे गंजतो? मधे नाही, वर नाही; बरोबर जमिनीच्या रेषेवर. काँक्रीटचा पाया जमिनीच्या दोन बोटं खाली संपवलेला असतो, वर माती लोटलेली असते, आणि पाइपभोवती चार महिने ओल राहते. रंग वरून शाबूत दिसतो, आत पत्रा पापुद्र्यासारखा सुटलेला. उपाय फुकटात होण्याजोगा आहे: पायाचं काँक्रीट जमिनीच्या ५० ते ७५ मिलिमीटर वर आणून त्याला सर्व बाजूंनी उतार द्यायचा, पाइपचं वरचं तोंड बंद करायचं, आणि आत वाफेचं पाणी साचू नये म्हणून काँक्रीटच्या लगेच वर छोटं भोक ठेवायचं. किनाऱ्यापासून पाच-सहा किलोमीटरच्या आत नुसतं पावडर कोटिंग चालत नाही. आधी हॉट डिप गॅल्वनायझिंग, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून घेणं, मग रंग. स्टेनलेस स्टील म्हणून ३०४ प्रतीचं खपवतात, त्यावर खाऱ्या हवेत तपकिरी डाग येतात. समुद्राजवळ ३१६ लागतं. साखळीचं एस आकाराचं आकडं दर महिन्याला पाहावं: मूळ जाडीच्या पाव हिस्सा झिजलं असेल तर त्याच दिवशी बदलावं.

खेळण्याभोवती चारी बाजूंनी किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. झोपाळ्यापुढे आणि मागे तर तो जिथे टांगलाय त्या उंचीच्या दुप्पट. कठडे आणि शिड्यांत ९ ते २३ सेंटिमीटरच्या मधली फट नसावी: त्यातून मुलाचं अंग जातं आणि डोकं अडकतं. खाली रबराच्या लाद्या असाव्यात की वाळू, यावर आमचं मत वाळूकडे झुकतं. लाद्या काँक्रीटच्या सपाट स्लॅबवर चिकटवतात, खाली पाणी साचतं, दोन पावसाळ्यांत कडा उचलल्या जातात, आणि एप्रिलच्या दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. १.२ मीटर उंचीच्या खेळण्याखाली २३ सेंटिमीटर मोकळी वाळू पडणाऱ्याला सांभाळते. घसरगुंडीच्या तोंडाशी ती बाजूला सरकते म्हणून ३० भरावी. पण वाळू आठवड्यातून दोनदा उकरून सारखी करावी लागते, कुत्र्या-मांजरांची घाण काढावी लागते, दर ऑक्टोबरला भर घालावी लागते. माणूस नसेल तर वाळू लादीपेक्षा वाईट.

दिव्यांवर आणि शौचालयांवर फार लिहायला नको. वीजजोडणीला ३० मिलिअँपियरचं आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारी कळ) आणि जमिनीपासून ४५ सेंटिमीटर वर जोडपेटी नसेल तर पावसाळ्यात बाग बंद ठेवावी. अशा खांबाला हात लावणारं मूल वाचेलच असं नाही. कुंपणाची झुडपं पाऊण मीटरच्या वर जाऊ देऊ नयेत, झाडांच्या फांद्या २.४ मीटरच्या खाली येऊ देऊ नयेत. मधला पट्टा उघडा राहिला की संध्याकाळी एकट्या बाईला बागेत आरपार दिसतं, आणि तिथे रंगीत दिव्यांहून याचा उपयोग जास्त. फाटकं दोन हवीत. दुचाकी अडवणारे खांब व्हीलचेअरला ९० सेंटिमीटर वाट सोडून बसवावेत. गोल फिरणारं फाटक कुठेही नको. कारंजं तर नकोच. पंप सहा महिन्यांत बंद पडतो आणि उरतं ते डासांचं कुंड, ज्यावर आरोग्य खात्याचे कर्मचारी येऊन नोटीस चिकटवतात.

माणसाशिवाय हे सगळं व्यर्थ. एकराच्या बागेला दोन माणसं पुरतात, एक सकाळी ६ ते दुपारी २, दुसरा दुपारी १ ते रात्री ९; त्यातला एक तरी खराखुरा माळी. पैसा कुठून? मंजूर रकमेतूनच. एक कोटी मंजूर झाले तर बांधकामाला ७० लाख, आणि ३० लाख पाच वर्षांच्या देखभालीसाठी वेगळ्या खात्यात, ज्याला दुसऱ्या कामासाठी हात लावता येणार नाही. वर्षाला ६ लाख, महिन्याला ५० हजार: दोन पगार, वीज, वाळू, पाडेली, झोपाळ्याची आकडी. जेमतेम बसतं, पण बसतं. यावर आक्षेप येतो की लोकांना खेळणी हवीत, ३० लाख बँकेत ठेवून कोणता आमदार खूश होईल. आक्षेप खोटा नाही. पण चार वर्षांनी तीच खेळणी पुन्हा घ्यायला सरकार पुन्हा एक कोटी देतंच, तेव्हा हा हिशेब कोणी मांडत नाही. प्रवेशशुल्काचा पर्याय आम्हाला पटत नाही: पाच-दहा रुपये गोळा करायला बसवलेल्या माणसाचा पगारच त्यातून निघणार नाही, आणि दुपारी सावलीला टेकणारे बांधकाम मजूर आणि डिलिव्हरीची पोरं तेवढी बाहेर राहतील. दुपारी बाग कुलूपबंद ठेवण्याची चाल तर कोणी आणली कोण जाणे. मे महिन्यात सावलीची गरज दुपारीच असते.

एकट्या पंचायतीला बागायतशास्त्राचा पदवीधर आणि कनिष्ठ अभियंता ठेवणं परवडणार नाही, पण पाच-सहा शेजारी पंचायतींना मिळून परवडेल. पर्वरीच्या पठारावरच्या पंचायतींनी एकत्र कक्ष काढावा: एक बागायत अधिकारी, एक अभियंता, एक वेल्डर-प्लंबर, एक फांद्या चिरडायचं यंत्र. चुडतं आणि पालापाचोळा जाळण्याऐवजी यंत्रातून काढून प्रत्येक बागेत १ मीटरच्या तीन खणांत आलटूनपालटून कुजवला की खताचा खर्च बराचसा वाचतो. ठेक्यांतही बदल हवा. दोषदायित्वाचा, म्हणजे ठेकेदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याचा, काळ वर्षाऐवजी तीन पावसाळे असावा. लागवडीच्या रकमेतले निम्मे पैसे लावल्यावर, पाव वर्षाने आणि पाव दोन वर्षांनी, जगलेली झाडं मोजून द्यावेत. मोजणी पंचाने एकट्याने करू नये. वसाहतीतले दोन रहिवासी सोबत असावेत आणि यादी पंचायतीच्या फलकावर लागावी.

शेवटी वेळापत्रक. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं म्हणून कार्यादेश एप्रिलमध्ये निघतो, मेमध्ये खोदकाम सुरू होतं आणि जूनमध्ये उघडी माती व्हाळात जाते. त्याऐवजी पातळी मोजणी पावसाळ्यातच व्हावी, जेव्हा पाणी कुठे तुंबतं हे डोळ्यांनी दिसतं. निविदा सप्टेंबरमध्ये, गटारं आणि भराव नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, वाटा फेब्रुवारीपर्यंत, खेळण्यांचे पाये मार्चमध्ये, झाडांचे खड्डे मेमध्ये आणि रोपं पहिल्या दमदार पावसानंतर. मेच्या अखेरीस जे अर्धवट असेल ते ताडपत्रीने झाकून थांबावं आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा उघडावं. पावसात घातलेला भराव आणि त्यावर बसवलेले पेव्हर पुढच्या वर्षी काढावेच लागतात.